राखी काच, तपकिरी काच

डोळ्यांवरच्या काचेचा आमच्या भाऊजींइतका विचार आजवर कुणी केला नसेल, आणि यात मी चष्मे बनवणारेही धरतो. चष्मेवाला फार तर दुकान उघडं असेपर्यंत काचेचा विचार करतो. भाऊजी जेवतानाही करायचे. ताटात वालाचं बिरडं, ताई भाताचं भांडं घेऊन शेजारी उभी, आणि हे खिडकीकडे चष्मा धरून म्हणायचे, "आज ढग आहेत. काय करावं ते हिला कळत नाहीये." ही म्हणजे काच. ताई भात वाढून निघून जायची. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच तिने हात टेकले होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पालघरला, नोकरी हिवताप निर्मूलनाची. पालघरच्या पूर्वेला डोंगरात जे पाडे आहेत तिथल्या प्रत्येक घरी पंधरा दिवसांतून एकदा जायचं, घरात कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि निघताना दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख घालायची. हे सगळं सायकलीवरून. ती सायकल बावीस इंची काळी, पण दुकानातून आली तशी तिच्यात एकही गोष्ट राहिलेली नव्हती. चिखल अडकतो म्हणून मडगार्ड काढलेले. दगडाला घासतं म्हणून चेनकव्हर काढलेलं. टायर दूधवाल्यांच्या सायकलीचे, जाड. ब्रेकची रबरं दर महिन्याला नवी. आता मुलं शनिवार-रविवारी जाड टायरच्या सायकली गाडीच्या टपावर बांधून डोंगरात नेतात, दगडधोंड्यांतून उतरतात आणि त्याला खेळ म्हणतात. मी सांगतोय ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली. भाऊजी तेव्हा तेच करत होते, खांद्याला गोळ्यांची पिशवी लावून आणि सरकारी पगारावर. त्यांना कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

काचेचं प्रकरण सुरू झालं ते त्या वाटांमुळे. मनोरकडे जाणारी खिंड ओलांडली की पायवाटा लागतात. एका वळणावर गवत कापून नेलेला उघडा माळ, दगडावर पाय ठेववत नाही असं ऊन. पुढच्या वळणावर ऐन-सागाची दाट सावली, तीही उताराची. पुन्हा ऊन, पुन्हा सावली, असं दिवसातून पंधरा-वीस वेळा. उन्हात भाऊजींचे डोळे दिपायचे आणि सावलीत शिरलं की समोर काहीच दिसायचं नाही. पहिल्यांदा पडले तेव्हा अर्धा दात गेला. दुसऱ्यांदा पडले तेव्हा काचपट्ट्यांची पेटी फुटली आणि दोन पाड्यांचं रक्त ओहोळात गेलं. सगळ्यांना पुन्हा टोचावं लागलं. मोठी माणसं काही बोलली नाहीत, पण पोरं त्यांना लांबून बघूनच पळायला लागली. वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून अगदी प्रेमाने सांगितलं, "वय होतंय तुमचं. आणखी एकदा पडलात तर मी तुम्हाला ऑफिसात टेबल देईन." साहेबांना वाटलं आपण उपकार करतोय. भाऊजी घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. मला म्हणाले, "टेबलाला कधी ताप येतो का रे?" त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. बरोबर काच मिळाली तर सायकल राहील. नाही मिळाली तर टेबल.

आता यात मी कसा अडकलो ते सांगतो. माझ्या डोळ्यांचा नंबर आणि त्यांचा नंबर जवळजवळ एकच. दोघांनाही लांबचं अंधुक. त्यामुळे त्यांचा चष्मा मला चालायचा आणि माझा त्यांना. भाऊजींच्या मते देवाने मला मेहुणा म्हणून पाठवलं ते याचसाठी. मी बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. रविवारी घिवलीहून, म्हणजे आमच्या घरून, ताईला केळफूल नाहीतर शहाळी द्यायला पालघरला गेलो की दारातच विचारणा व्हायची, "घड्याळ आणलंयस ना?" मग मी घड्याळ घेऊन उन्हात उभा आणि हे चष्मा लावून सावलीत, नाहीतर उलट. ताई आतून ओरडायची, "अहो, त्याला चहा तरी घेऊ द्या." त्यावर भाऊजी शांतपणे म्हणायचे, "चहा पळून जात नाही. ऊन जातं."

सुरुवातीला त्यांनी वेल्डिंगचा चष्मा आजमावला. तो मीच आणून दिला आमच्या कारखान्यातून, माझी अवदसा. वेल्डरने देतानाच विचारलं होतं, "किसके लिए चाहिए, भाई?" मी सांगितलं, जीजाजी को सायकल चलाने के लिए. तो म्हणाला, "इससे सूरज देख लेंगे जीजाजी. रास्ता नहीं दिखेगा." भाऊजींना कुणी नाही म्हटलं की ते करून बघायचेच. कोळगावच्या माळावर गेले आणि वीस मिनिटांत परत आले, गुडघ्याला शेण लागलेलं. "म्हैस दिसली नाही," एवढंच म्हणाले, आणि वहीत तसंच लिहिलं. हो, वही होती. वहीत तारीख, जागा, आकाश कसं होतं, काच कोणती आणि शेरा. त्यानंतर चष्म्यावर अडकवायच्या काळ्या झडपा आल्या. उन्हात खाली पाडायच्या, सावलीत वर करायच्या. कल्पना चांगली, पण दगडाच्या वाटेवर सायकल उडाली की झडपा आपोआप वर जायच्या आणि दुसऱ्या दगडाला खाली यायच्या. भाऊजींनी त्या रबराने बांधून बघितल्या, मग दोऱ्याने, मग दोरीचं टोक दातात धरून. पाड्यावर पोचल्यावर दातातली दोरी सोडायची राहिली की "ताप आहे का" हे कुणाला कळायचंच नाही.

आणि मग पालघरला स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात उन्हात आपोआप काळी होणारी आणि सावलीत आपोआप निवळणारी काच आली. भाऊजींना ही बातमी कुणी दिली कोण जाणे, पण दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर होते. दुकानदार शेठ मूळचे गुजरातचे, शांत माणूस, तीन पिढ्या पालघरात. त्यांनी काच उन्हात धरून दाखवली. ती डोळ्यांदेखत काळवंडली. सावलीत आणली, हळूहळू निवळली. भाऊजींनी ते अकरा वेळा करायला लावलं. बाराव्या वेळी शेठ म्हणाले, "भाऊ, काच थकणार नाय, पण मी थकला." घ्यायची हे ठरलं. पण त्यात दोन रंग होते. राखी आणि तपकिरी.

हा साधा प्रश्न होता. दुसऱ्या कुणीही बोट ठेवलं असतं आणि घरी गेला असता. भाऊजी तीन दिवस विचार करून दुकानात गेले आणि म्हणाले, "शेठ, एका डोळ्याला राखी घाला आणि एका डोळ्याला तपकिरी." शेठनी कपाळाला हात लावला. म्हणाले, लोक हसतील. भाऊजी म्हणाले, "लोकांना मी उतारावर भेटत नाही." आणि खरंच तसा चष्मा करून घेतला. घरात तो साधा दिसायचा. उन्हात पाऊल टाकलं की एक डोळा राखेसारखा आणि दुसरा काढ्यासारखा. महिनाभर ते तसेच हिंडले. त्याच महिन्यात किनाऱ्यावरचा माणूस रजेवर गेला म्हणून त्यांना घिवली-दांडीची फेरी करावी लागली, आणि मी रविवारी सोबत गेलो. दांडीला एक म्हातारी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. तिने भाऊजींकडे एकदा बघितलं, मग जवळ येऊन पुन्हा बघितलं. "दादा, तुमचा एक डोला तांबडा झालाय," ती म्हणाली. "माझ्याकडं औषद हाय." भाऊजींनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. दोन रंग का, वाळूवरची तिरीप राखीत कशी बसते, तपकिरीत कशी. तिने ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांना घरी कोन हाय का नाय?" मी म्हटलं, माझी बहीण आहे. तिने चार बोंबील कागदात बांधून दिले, बहिणीसाठी.

त्याच महिन्यात आमच्या आत्येभावाचं लग्न आलं, भर उन्हात, मंडप अर्धाच. ताई त्यांच्यापासून दहा पावलं पुढे चालत होती आणि कुणी विचारलं तर "मागून येतायत" म्हणत होती. पण महिना संपला तेव्हा वहीत निकाल होता. राखी काचेतून रंग खरे दिसतात, पान हिरवं ते हिरवंच. तपकिरी काचेतून रंग थोडे खोटे दिसतात पण जमिनीचा उंचसखलपणा उठून दिसतो. "राखीतून खड्डा रस्त्यासारखा दिसतो," ते मला म्हणाले, "तपकिरीतून खड्ड्यासारखा. मला रंगांशी काय करायचंय? मला खड्डा दिसला पाहिजे." दुसरी काचही तपकिरी झाली. आज एवढ्या वर्षांनी मी सांगतो, डोंगरातल्या सायकलीसाठी कुणाला काच घ्यायची असेल तर तपकिरीच घ्यावी. माझ्या ओळखीत याचा एवढा अभ्यास दुसऱ्या कुणी केलेला नाही.

त्यांच्या बाकीच्याही तऱ्हा होत्याच. दिवेलागणीच्या आत घरी म्हणजे घरी. मित्राकडे बसलेले असोत की बाजारात, ऊन पिवळं झालं की उठणार. ताई म्हणायची, "कोंबडीसुद्धा यांच्यापेक्षा थोडी उशिरा येते." बाजूला बघायचं तर नुसते डोळे फिरवायचे नाहीत, अख्खी मान फिरवायची. घरातली स्टुलं, बादल्या, उंबरे यांच्याशी त्यांचं वैर होतं. वाटेत काही ठेवलेलं असलं की लाथ बसायचीच, आणि ताई म्हणायची, धांदरट मेला जन्माचा. मे महिन्यात त्यांनी नवाच घोळ घातला. उकाड्यात ती काच हवी तेवढी काळी होईना, आणि थंडीच्या सकाळी मात्र गरजेपेक्षा जास्त व्हायची. शेठ म्हणाले, तिचा तो गुणच आहे, तापली की काम कमी करते. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून चष्मा ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवायला लागले. पाहुणा पाणी प्यायला गेला की आधी चष्मा उचलायचा, मग झाकण. मलाही एकदा ताईने विचारलं, "याच्यातून हे बाहेर येतील ना रे?" मी म्हटलं, काच मिळाली आहे, आता येतील.

पण नाही. उन्हातली तक्रार मिटली, सावलीतली वाढली. भाऊजींचं म्हणणं असं की काच काळी झटकन होते पण निवळायला फार वेळ लावते. सावलीत शिरलं की किती तरी वेळ अंधारच. दिवाळीनंतर फेरीवर ते तिसऱ्यांदा पडले. साहेबांना कळू दिलं नाही. कोपर सोललेलं होतं, ते पूर्ण बाह्यांच्या शर्टात झाकलं. मग शेठशी भांडण. शेठ म्हणाले, पाच-सहा मिनिटांत बरीचशी निवळते, त्याहून लवकर होणारी काच माझ्याकडे नाही. भाऊजी म्हणाले, पाच नाही, वीस मिनिटं होतात, तुम्ही मला खराब माल दिलात. शेठनी काच बदलून दिली. नवी काचही तशीच. भाऊजी पुन्हा गेले. शेठनी दुसऱ्यांदा बदलून दिली, पण या वेळी चहा विचारला नाही. आणि भाऊजींनी ठरवलं की आता साक्षीदारासमोर वेळ मोजायची आणि वही शेठच्या पुढ्यात टाकायची. साक्षीदार अर्थात मी.

आम्ही सकाळी दोन सायकलींवर खिंडीपलीकडे गेलो. उघड्या माळावर पंधरा मिनिटं उन्हात उभे राहिलो, काच पुरती काळी होईपर्यंत. मग ते सागाच्या सावलीत जाऊन दगडावर बसले आणि मी समोर घड्याळ घेऊन. "सांग," ते म्हणाले. मी मिनिटं सांगत गेलो आणि ते उत्तर देत गेले. एक. काळी. दोन. काळी. तीन, चार. काळीच. सहाव्या मिनिटाला मी घड्याळावरून मान वर केली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. काच स्वच्छ होती. काचेमागे त्यांचे डोळे मला पापण्यांसकट दिसत होते. ते डोळे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होते. "सांग ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "सात." ते म्हणाले, "अजून काळीच आहे. लिही."

मी म्हटलं, "भाऊजी, काच निवळलीय." ते म्हणाले, "छे." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्या दिशेने धरला. "तू लाव." मी लावला. वाट दिसत होती, वाटेवरचं मूळ दिसत होतं, मुळावरून चाललेले लाल मुंगळे दिसत होते. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं, हे मी कबूल करतो. पण इतकी वर्षं त्यांच्या वहीसाठी मी खरंच सांगत आलो होतो. "सगळं दिसतं," मी म्हणालो. त्यांनी हात पुढे करून चष्मा परत घेतला. मला रडू येत होतं आणि घड्याळ अजून हातात होतं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे काच चांगली आहे. आपण शेठना उगाच बोललो."

दुसऱ्या दिवशी ते आधी डॉक्टरकडे गेले नाहीत, आधी दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "शेठ, तुमची काच बरोबर होती. माझे डोळे निवळत नाहीत." शेठ गल्ल्यावरून उठले, त्यांचा हात धरून बसवलं आणि मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतः चिठ्ठी लिहून दिली. मुंबईला मी सोबत होतो. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू निकामी होतोय. याची सुरुवात अंधारात न दिसण्यापासून होते, मग बाजूचं दिसत नाही, मग फक्त समोरचं थोडं उरतं. औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. उन्हात बरंच दिसेल, अजून काही वर्षं. भाऊजींनी सगळं वहीत लिहून घेतलं. ताईला मी सांगितलं तेव्हा ती उठली आणि घरातली सगळी स्टुलं, बादल्या भिंतीला लावून ठेवायला लागली. मग एका बादलीवर बसली आणि म्हणाली, "धांदरट म्हणत होते मी त्यांना."

टेबल त्यांनी स्वतः जाऊन मागितलं. एकच अट घातली, की नव्या माणसाला सगळी घरं दाखवायला शेवटची फेरी आपण करणार. नवा माणूस पाड्यावर परस्पर भेटणार होता, तिथवर सोबतीला मी रजा काढली. माळावर ते पुढे होते, आणि काय सायकल चालवत होते सांगू. पहिली सावली आली तशी ब्रेक लावून थांबले. म्हणाले, "तू पुढे हो. तुझी पाठ दिसू दे." मी त्या दिवशी पांढरा टेरिकॉटचा शर्ट घातला होता, ठरवून नाही. मी हळूहळू उतरायला लागलो आणि ते मागे. वळण आलं की मी म्हणायचो डावीकडे, दगड आला की म्हणायचो दगड. खाली पोचलो तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि चेहरा पोरासारखा झाला होता. "राखी नाही, तपकिरी नाही," ते म्हणाले. "पांढरं टेरिकॉट. एवढे पैसे वाया घालवले." पाड्यावरच्या शेवटच्या घरात बाईने विचारलं, "भाऊ, आता तुमी नाय येनार?" ते नव्या माणसाकडे हात करून म्हणाले, "नाही. हे येतील. सुई तेवढीच दुखेल, माझ्याएवढीच." मग गेरू घेऊन चौकटीवर तारीख घातली. अंगणातल्या उन्हात ती त्यांना नीट दिसत होती. ती बाई तारखेकडे बघत राहिली. म्हणाली, "अक्षर नाय बगा असं कोनाचं येनार."

टेबलावर ते निवृत्तीपर्यंत बसले. रविवारी मात्र आम्ही खिंडीपलीकडे जात राहिलो, मी पुढे, पांढऱ्या शर्टात, आणि ते मागे. सावलीत मला सारखं मागे वळून बघायला लागू नये म्हणून त्यांनी घंटीची पद्धत बसवली. एकदा वाजवली म्हणजे दिसतोयस, चल. दोनदा वाजवली म्हणजे दिसत नाहीस, थांब. सुरुवातीची वर्षं खिंडीपासून पाड्यापर्यंत एकेकच वाजायची, आणि मला मागे न बघता कळायचं की भाऊजी आहेत. नंतर अधूनमधून दोनदा वाजायला लागली. नंतर सावलीचं पहिलं झाड आलं की दोनदाच वाजायची. मी सायकलीवरून उतरायचो, ते उतरायचे, आणि सायकली हातात धरून आम्ही पुढच्या उन्हापर्यंत चालत जायचो.